शंभरचं नेट, तरी रात्री नऊला गेम का अडकतो?

वाचकाचं पत्र:

दादा, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वय २३, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे, पहिली शिफ्ट. रोज रात्री नऊ ते अकरा आम्ही पाच मित्र व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. नेट फायबरचं आहे, शंभर एमबीपीएस. दिवसा पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायचे मिलिसेकंद, पंचवीस-तीस असतो, पण रात्री एकदम दोनशे-अडीचशेवर जातो आणि समोरचा दिसायच्या आत मी मेलेला असतो. पोरं वैतागलीत. घर जुनं आहे, भिंती जाड. राउटर खाली सोप्यात, पीसी माडीवर. आई तेव्हा टीव्हीवर मालिका बघते. भाऊ लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं काम करतो, तोही नऊच्या सुमाराला घरी येतो. नऊ हजारांचा गेमिंग राउटर बघून ठेवलाय, घेऊ का? की पिंग कमी करतो म्हणणारं बूस्टरचं ॲप महिन्याचे पैसे भरून लावू? रँक सिल्व्हर या खालच्या पायरीच्या वर सरकत नाही म्हणून एक ओळखीचा इमॉर्टल या बऱ्याच वरच्या पायरीचं अकाउंट साडेतीन हजारांला देतो म्हणतोय. अनोळखी लोकांत खेळलं की माझ्या हिंदीवरून चिडवतात, शिव्या देतात. घरी आई म्हणते, हा नादच सोड. काय करू?

उत्तर:

भावा, नऊ हजार सध्या खिशातच राहू देत. बिघाड कुठं आहे हे न मोजता वस्तू आणली की बिघाड जागच्या जागी राहतो आणि पैसे मात्र जातात. तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे दिवसाचा पंचवीस-तीस. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबईचं अंतर चारशेच्या आत-बाहेर धरलं तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद नुसत्या अंतराचे झाले. बाकीचे केबलच्या वळशांचे आणि वाटेतल्या यंत्रांचे. म्हणजे तुझी लाइन मुळात चांगली आहे. रात्री तिच्यावर जे दोनशे चढतात ते वाटेत कुठंतरी तयार होतात, आणि ती जागा बहुतेक तुझ्या घरातच आहे.

प्लॅन तीनशेचा करूनही फरक पडणार नाही. गेमला स्वतःला एक एमबीपीएसच्या आसपासच डेटा लागतो. त्याला हवी असतात ती डेटाची वेळेवर पोहोचणारी छोटी छोटी पाकिटं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एकदा. तुझा पिंग दोनशेनं वाढला की तुझं बटण दाबणं पोहोचेपर्यंत सर्व्हरचे पंचवीस हिशेब होऊन गेलेले असतात. म्हणूनच तुझ्या पडद्यावर तू भिंतीआड गेलेला असतोस आणि सर्व्हरच्या लेखी अजून उघड्यावर. तो नेम चुकल्याचा प्रकार नाही, हे तुझ्या मित्रांनाही सांग.

मोजायच्या आधी एक खात्री कर, दोष नेटचाच आहे ना. माउस फिरवताना तुझंच चित्र अडखळत असेल तर तो पीसीचा दोष. रॅमची एकच पट्टी, गरम झालेलं ग्राफिक्स कार्ड, धूळ, अशी कारणं असतात. तुझं चित्र सुरळीत आहे, पण समोरचे एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतायत, तू चार पावलं पुढे जाऊन मागे खेचला जातोयस, असं असेल तर नेट. गेमच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली स्टॅट्स आहे. तिथे एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), नेटवर्कचा आरटीटी (म्हणजे पिंगच) आणि पॅकेट लॉस (हरवलेली पाकिटं) या तिन्हींचे ग्राफ चालू कर. अडकलं त्या क्षणी कुठला ग्राफ वर गेला ते नुसत्या डोळ्यांना दिसतं.

आता खरी तपासणी, हिला एक रुपयाही लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघड आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप कर. डिफॉल्ट गेटवेसमोर जो पत्ता येतो तो तुझ्या राउटरचा. मग दोन खिडक्या उघड. पहिलीत पिंग (ping), एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून वजाचिन्ह आणि टी (-t). दुसरीत तेच, फक्त पत्त्याच्या जागी चार वेळा आठ, मध्ये टिंबं (8.8.8.8). हा गूगलचा सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्या शेजारी लाव, दहा मिनिटं चालू ठेव आणि प्रत्येकीत कंट्रोल-सी दाबून थांबव. खाली किमान, कमाल, सरासरी आणि हरवलेली पाकिटं येतात, त्यांचा फोटो काढून ठेव. हे शिफ्टला जायच्या आधी एकदा, संध्याकाळी सहाला एकदा आणि रात्री साडेनऊला सगळे घरात असताना एकदा कर. तिन्ही वेळा पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

वाचायचं असं. राउटरचा पिंग वायरनं जोडल्यावर १ मिलिसेकंदाच्या आत-बाहेर असतो, चांगल्या वाय-फायवर २ ते ५. अधूनमधून एखादा आकडा वीसवर गेला तर घाबरू नकोस, राउटर पिंगला उत्तर देणं सवडीनं करतो. पण सतत ४०, ११०, ८, १८० असं दिसत असेल तर दोष वाय-फायचा, कारण ती पाकिटं घराबाहेर गेलेलीच नाहीत. पहिली खिडकी शांत आणि दुसरी उसळत असेल तर घरातलंच कुणीतरी लाइन भरून टाकतंय, किंवा नेट कंपनीच्या बाजूला गर्दी आहे. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा ते पुढे सांगतो.

माडीवर पीसी, खाली राउटर आणि मध्ये दीड-दोन फुटांची जुनी भिंत, हे ऐकल्यावर वाय-फायवर संशय येणारच. तुझा पीसी बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल, कारण ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतीतून पुरता वर पोहोचत नाही. आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून, रात्री नऊला प्रत्येकाचा राउटर चालू. सगळे त्याच तिघांत दाटीनं बसतात, आणि एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ऑटोवर असेल तर हातानं या तिन्हींतला सगळ्यात मोकळा निवड आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेव. ४० वर ठेवलीस तर शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. याने थोडं सुधारेल.

पूर्ण सुधारायचं तर वायर ओढ. यावर माझं मत पक्कं आहे: नेमबाजीचा गेम गंभीरपणे खेळणाऱ्यानं वाय-फायवर राहू नये. सोप्यातून जिन्याच्या कडेनं माडीपर्यंत वीस मीटर कॅट-६ केबल पुरेल, आणि क्लिपा-कनेक्टरसकट खर्च हजाराच्या आत बसतो. घेताना एकच गोष्ट विचार: तार निव्वळ तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची? मुलाम्याची तार वळणावर मोडते आणि कनेक्टरमध्ये सैल होते. चाकूनं टोक खरवडून बघ, आत पांढरं दिसलं की ठेव परत. विजेच्या वायरीच्या पट्टीतून ती नेऊ नकोस, समांतर जात असेल तर वीतभर तरी लांब ठेव.

कनेक्टर दुकानातून मारून घेता येतो, पण क्रिम्पिंगचं हत्यार कुणाकडे मिळालं तर स्वतःही जमेल. सीएनसीवर हात बसलेल्या माणसाला अवघड नाही. आरजे-४५ ची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे. इथेच सगळे चुकतात, आवरण बाहेर राहतं आणि महिन्याभरात तारा निसटतात. जोडल्यावर विंडोज १००० ऐवजी १०० चा वेग दाखवत असेल तर आठांपैकी एखादी तार बसलेली नाही. शंभरच्या प्लॅनला तेवढंही चालेल, पण अर्धवट बसलेली तार पुढे पाकिटं गाळते, म्हणून टोक कापून पुन्हा मार.

वायर ओढूनही दुसरी खिडकी रात्री उसळत असेल तर तुझ्या भावाकडे वळू. लग्नाचं शूटिंग म्हणजे एकेका कार्यक्रमाचे कितीतरी जीबी. घरी आल्यावर तो ते नेटवरून गूगल ड्राइव्हवर चढवत असणार, आणि तुझा त्रास नेमका नऊला सुरू होतो. अपलोड लाइन पूर्ण भरली की पाकिटं राउटरमध्ये साठून राहतात. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या लागल्या की मागून आलेल्या मोटारसायकलवाल्यालाही ताटकळावं लागतं, तसं तुझं एवढंसं पाकीट त्याच्या व्हिडिओमागे उभं राहतं. आईच्या मालिकेला दोष देऊ नकोस. टीव्ही थोडा डेटा आधीच भरून घेतो आणि मग थांबतो, शंभरच्या लाइनला तो जड नाही.

खात्री करून घे. दोन्ही खिडक्या चालू असताना भावाला एक मोठी फाइल चढवायला सांग. पाच-दहा सेकंदांत दुसऱ्या खिडकीतला २७ चा आकडा ९०, १६०, २२० असा चढला आणि अपलोड थांबवताच पुन्हा २७ वर आला, तर रोग सापडला. इलाज दोन. सोपा असा की ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये अपलोडचा वेग बांधायची सोय असते, तिथे मर्यादा घाल. ते किलोबाइट प्रति सेकंदात विचारतात. एक एमबीपीएस म्हणजे १२५ किलोबाइट, तेव्हा ४० एमबीपीएस द्यायचे तर ५००० लिही. भावाचं काम थांबत नाही आणि तुला जागा उरते. किंवा त्यानं अकरानंतर लावून झोपावं, सकाळपर्यंत फाइल चढलेली असते. त्याच्या आणि आईच्या मोबाइलमधला फोटोंचा आपोआप बॅकअपही बघ, घरच्या वाय-फायला जोडला गेला की तो गुपचूप सुरू होतो.

दुसरा इलाज राउटरमध्येच. एसक्यूएम नावाची सोय असलेला राउटर लाइन पूर्ण भरूच देत नाही आणि छोट्या पाकिटांना अडकू देत नाही. त्यात अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधायचे. तुझ्या लाइनवर खरंच ९५ मिळत असतील तर ८२-८३ भर. पूर्ण ९५ भरलेस तर रांग पुन्हा कंपनीच्या डब्यात (ज्यात फायबर येतं त्या यंत्रात) लागते आणि सगळं फुकट जातं. राउटर घ्यायचाच झाला तर या एका गोष्टीसाठी घे. खोक्यावर एसक्यूएम लिहिलंय का, किंवा त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालतं का, एवढं बघ. नुसतं गेमिंग लिहिलेला राउटर त्याच सोप्यात त्याच भिंतीमागे ठेवलास तर नऊ हजार पाण्यात. आणि कंपनीच्या डब्यामागे दुसरा राउटर लावताना कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घे, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देईल. नाहीतर पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं आणि काही गेममध्ये व्हॉइस चॅट किंवा मित्राच्या लॉबीत जोडणं बंद पडतं.

घरातली सगळी उपकरणं बंद, फक्त तुझा पीसी वायरवर, आणि तरीही आठ ते अकरा पिंग चढतो, सकाळी नाही, असं निघालं तर मात्र कंपनीकडे जा. तोंडी भांडू नकोस. तीन वेळांचे फोटो जोडून तक्रार नोंदव आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घे. तोडगा निघाला नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं. बूस्टरचं ॲप पाकिटांची वाट बदलतं, एवढंच करतं. वाट मुळात वाकडी असेल, म्हणजे मुंबईचा सर्व्हर दिवसरात्र ऐंशीच्या वर दाखवत असेल, तर उपयोग होतो. तुझा दिवसाचा पिंग पंचवीस आहे. तुला ते नको.

पावसाळ्याचंही बोलून घेतो, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज किती वेळा डोळे मिचकावते ते तू बघतोसच. वीज अर्धा सेकंद गेली तरी राउटर नव्यानं सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढ्यात मॅच सुटते आणि सोडून गेल्याचा दंड तुझ्या माथी. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस मिळतो. घेताना ॲडॉप्टरवरचे आकडे जुळव: १२ व्होल्ट, आणि १ अँपिअर की २ अँपिअर. व्होल्ट तंतोतंत पाहिजे, अँपिअर जास्त असले तर चालतात. अर्थात पीसीलाही यूपीएस नसेल तर एकट्या राउटरचा फायदा अर्धाच. डब्यावरचा एलओएस दिवा लाल झाला तर घरातलं काही बदलू नकोस, प्रकाश पोहोचत नाहीये. फायबरची पिवळी किंवा पांढरी दोरी कपाटामागे दुमडली गेली नाही ना एवढं बघ. तिचं वळण पेल्याच्या तळापेक्षा लहान नसावं. हिरवं टोक काढून पुसायच्या फंदात पडू नकोस, माणूस बोलाव. वळवाच्या गडगडाटात राउटरचा आणि पीसीचा प्लग काढून ठेव. काचेतून वीज येत नाही, पण ॲडॉप्टरमधून येते.

अकाउंट विकत घेऊ नकोस. साडेतीन हजार देऊन तुझ्या हातात फक्त पासवर्ड येतो. पहिला ईमेल आणि खरेदीच्या पावत्या विकणाऱ्याकडे राहतात, आणि त्या दाखवून तो कधीही अकाउंट परत मागू शकतो. अकाउंटची खरेदी-विक्री नियमात बसत नसल्यानं तुला तक्रार करायलाही जागा नाही. ते अकाउंट चीट वापरून वर नेलेलं असेल तर बंदी तुझ्या मशीनवरही येऊ शकते. शिवाय सिल्व्हरचा हात घेऊन इमॉर्टलमध्ये उतरलास की उरलेल्या चौघांची संध्याकाळ तू खराब करतोस. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. नेटचा हा उशीर, म्हणजे लॅग, गेल्यावर महिनाभर स्वतःच्या अकाउंटवर खेळ, तुझी रँक किती नेटची होती आणि किती तुझी ते तेव्हा कळेल. त्या अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच लाव. ओळखीच्याला पैसे देऊन बसला असशील आणि फसलास तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

चिडवणाऱ्यांचं. पहिल्या शिवीला म्यूट, मॅच संपल्यावर रिपोर्ट, मधे उत्तर नाही. उत्तर देताना तुझं लक्ष पुढच्या राउंडवरून उडतं, हे त्यालाही माहीत असतं. म्यूट केलेल्याशीही खेळता येतं, नकाशावरच्या खुणा वापर. माइक पुश-टू-टॉकवर ठेव, म्हणजे बटण दाबलं तरच आवाज जाईल. पंख्याचा आणि खालच्या मालिकेचा आवाज सतत गेला की भले लोकही वैतागतात. आपल्या पाचांत मराठीच बोला, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. अनोळखी असतील तर वाक्य बोलूच नकोस, फक्त किती जण, कुठे आणि किती दुखावलेत: "एक, बी मेन, चौऱ्याऐंशी." (बी मेन ही नकाशावरची जागा.) तीन-चार शब्दांत हिंदी चुकायला वाव नाही. स्वतः मेल्यावर गप्प बसायचं, शेवटी जिवंत उरलेल्याला कान लागतात.

आईला गेम नको आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. जेवायला हाक मारल्यावर "आलो आलो" म्हणत पाऊण तास न येणारा मुलगा तिला नको आहे. तिला एक गोष्ट नीट सांग: रँकची मॅच १३ राउंड जिंकेपर्यंत चालते, तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात, बरोबरी झाली तर जास्त, आणि मधे सोडली तर दंड होतो. मग तिच्या वेळेप्रमाणे आखणी तू कर. जेवण आधी उरक आणि नऊला बस. दोन मॅच, तिसरी सव्वादहाच्या आत सुरू झाली तरच. पानं घ्यायला वीस मिनिटं असतील तर स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार खेळ, ते पाच राउंड जिंकले की संपतं. पहिली शिफ्ट म्हणजे पहाटे उठणं, आणि झोप न झालेला माणूस मशीनवर नको. अकराचे साडेदहा केलेस तर बरं.

येत्या साप्ताहिक सुट्टीला आधी मोजमाप, मग वायर. वायर ओढल्यानंतरचे रात्री साडेनऊचे दोन्ही खिडक्यांचे आकडे आणि भावाची फाइल चढत असतानाचा कमाल आकडा लिहून पाठव. राउटर घ्यायची वेळ आली आहे का ते त्यावरून सांगतो.